प्रकटकथा आणि पटकथा : शेगावच्या एका आरंभकथेच्या निमित्ताने

शेगाव येथे गजानन महाराजांची जयंती साजरी होत नाही. माघ वद्य सप्तमीस तेथे प्रकट दिन साजरा होतो. हा शब्दभेद केवळ भाविक आदरातून आलेला नाही. ‘जन्मणे’ या क्रियापदामागे आईबाप, गाव, कुळ व काळ यांची अपेक्षा उभी असते. ‘प्रकटणे’ या क्रियापदास यांपैकी कशाचीच गरज नसते; त्यास एकच गोष्ट लागते आणि ती म्हणजे पाहणारा. कोणाच्या तरी दृष्टीपुढे घडल्यावाचून प्रकट होणे घडतच नाही. शेगावच्या परंपरेने हे क्रियापद निवडले आणि त्याबरोबर कथेचा आरंभबिंदू नायकाकडून साक्षीदाराकडे नेला.

विसाव्या शतकात अमेरिकेतील चित्रकथांच्या मासिकांतून अतिमानवी नायकांच्या आरंभकथा निर्माण झाल्या आणि पुढे त्यांवरून चित्रपटांच्या पटकथा रचल्या गेल्या. या घटनेचा विचार बहुधा चित्रपटव्यवसायाच्या इतिहासाचा एक भाग म्हणून केला जातो. परंतु छापील आरंभकथा पडद्यावर जाताना तिच्या निवेदनात कोणते फेरफार होतात, हा प्रश्न मूलतः भाषेचा आहे. तो मराठी संतचरित्रे व त्यांवरील बोलपट यांनाही तितकाच लागू पडतो. किंबहुना ज्या कथेत नायकाचे मूळ सांगितलेलेच नाही अशा शेगावच्या कथेशेजारी ठेवून पाहिल्यास या फेरफारांचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते.

मूळ प्रसंग थोडक्यात असा. देविदास पातुरकर यांच्या घरी ऋतुशांतीनिमित्त भोजन झाले होते व उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या. तेथे एक अनोळखी पुरुष बसून पत्रावळींवरील शिते वेचून खात होता. त्या वाटेने जाणारे बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुलकर्णी यांनी ते पाहिले. भुकेला म्हणावा तर तो मागत नाही, वेडा म्हणावा तर त्याच्या वागण्यात एक प्रकारची स्थिरता आहे, असा पेच त्यांस पडला. ताट वाढून आणले तेव्हा त्या पुरुषाने सर्व पदार्थ एकत्र कालवून खाल्ले आणि पाणी येण्यापूर्वीच जनावरांसाठी ठेवलेले पाणी पिऊन घेतले. कथा येथे सुरू होते. या क्षणापूर्वीचे काहीही तिच्यात नाही.

या प्रसंगाची तारीख २३ फेब्रुवारी १८७८ अशी मानली जाते. पोथीत शक मात्र १८०० दिला आहे. प्रचलित गणनेनुसार फेब्रुवारी १८७८ मधील माघ मास शके १७९९ मध्ये पडतो. शके १८०० चा माघ पुढील वर्षी, म्हणजे १८७९ मध्ये येतो. ‘गत’ शकाऐवजी ‘वर्तमान’ शक मोजण्याची जी दुसरी पद्धत आहे ती गृहीत धरल्यास एका वर्षाचा हा फरक नाहीसा होतो. ओवीत ‘अठराशे’ हा पूर्णांक सहज बसतो, हेही एक कारण असू शकेल. मुद्दा लहान आहे. पण कालनिर्देशाच्या बाबतीतही या कथेच्या कडा पुसट आहेत, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

‘श्री गजानन विजय’ हा एकवीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ दासगणू महाराजांनी शेगावच्या पाटील घराण्यातील एका भक्ताच्या विनंतीवरून रचला आणि शके १८६१ मध्ये, म्हणजे इ.स. १९३९ मध्ये, तो पूर्ण झाला. महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली, त्यानंतर सुमारे एकोणतीस वर्षांनी. आणि पहिल्या प्रसंगापासून मोजल्यास एकसष्ट वर्षांनी. दासगणू, म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे (१८६८–१९६२), हे पूर्वायुष्यात पोलीस खात्यात शिपाई होते व पुढे कीर्तनकार म्हणून महाराष्ट्रभर ज्ञात झाले. माहिती कोणाकडून मिळाली, ती कितपत भरवशाची, हा विवेक त्यांच्या ठिकाणी कोठून आला याविषयी तर्क करण्याचे कारण नाही. तो पहिल्या अध्यायात दिसतो एवढे खरे. महाराज समर्थ रामदासांच्या सज्जनगडाहून आले असे काही लोक म्हणतात, हे दासगणू नोंदवितात, आणि त्यास सबळ पुरावा नाही असेही लगेच सांगतात. हिऱ्याचे तेज समोर असताना त्याची खाण कोणती हे विचारण्याचे प्रयोजन राहत नाही, अशा आशयाचा दृष्टांत देऊन ते पुढे जातात.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. मराठीत ‘म्हणे’ हे एक अव्यय आहे. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ या दोन वाक्यांत घटना एकच असते. बदलतो तो वक्त्याचा त्या घटनेशी असलेला संबंध. पहिल्यात वक्ता जबाबदारी घेतो, दुसऱ्यात ती ऐकीव म्हणून बाजूला ठेवतो. जगातील अनेक भाषांत पाहिलेले व ऐकलेले यांतील भेद क्रियापदाच्या रूपानेच दाखवावा लागतो. मराठीत तो ऐच्छिक आहे, पण सांगणाऱ्याच्या हाताशी सदैव असतो. दासगणूंच्या पहिल्या अध्यायात सज्जनगडाची वार्ता अशा ‘म्हणे’च्या कक्षेत राहते आणि पत्रावळींचा प्रसंग तिच्या बाहेर, साक्षीदारांच्या नावानिशी येतो. एकाच अध्यायात दोन प्रतींची माहिती आहे, आणि श्रोत्यास त्यांतील भेद कळतो.

योगायोगाने हीच वर्षे अमेरिकन चित्रकथांच्या आरंभकथांचीही आहेत. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात जेरी सीगल व जो शुस्टर यांनी सुपरमॅनची उत्पत्ती अवघ्या एका पृष्ठात उरकली आहे. एका दूरच्या ग्रहाचा नाश होतो, शास्त्रज्ञ पिता बालकास घाईने बनविलेल्या यानातून पृथ्वीकडे पाठवितो, वाटसरू मोटारचालकास ते सापडते व तो त्यास अनाथालयात देतो. ग्रहाचे नाव या पृष्ठावर नाही. केंट दांपत्यही नाही. ती भर १९३९ मध्ये पडत गेली. बॅटमनचे तर पदार्पण आधी झाले आणि आरंभकथा नंतर आली. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे १९३९ च्या अंकात तो प्रथम दिसला, तो असा का झाला हे सांगणारी दोन पृष्ठे त्याच मासिकाच्या नोव्हेंबरच्या अंकात आली. म्हणजे आरंभकथा ही बहुतेकदा आरंभी नसते. नायक लोकप्रिय झाल्यावर वाचकांच्या ‘हा कोण?’ या प्रश्नाला दिलेले ते मागाहूनचे उत्तर असते. हा क्रम मराठी वाचकास अपरिचित नाही. आपल्या संतांच्या जन्मकथा त्यांच्या कीर्तीनंतरच आकारास आल्या आहेत.

महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) या ग्रंथात नामदेव भीमेच्या प्रवाहात शिंपल्यात सापडतात, कबीरही तसेच. नामदेवांचे वडील दामाशेटी परंपरेस ठाऊक असूनही ही कथा टिकली. तिचे काम वंशावळ सांगण्याचे नव्हतेच. वंशावळीच्या पकडीतून नायकास सोडविण्याचे होते. सापडलेले बालक हे जगाच्या कथासाहित्यातील जुने बीज आहे. नदीतील शिंपला, पेटीतील कर्ण, आणि शेतात उतरलेले यान ही एकाच जातीची उदाहरणे होत. गोविंद रघुनाथ दाभोळकरांनी ‘श्री साईसच्चरिता’त साईबाबांच्या अज्ञात जन्माविषयी लिहिताना नामदेव व कबीर यांचाच दाखला दिला आहे, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

आता पडद्याकडे वळू. रिचर्ड डोनर यांच्या १९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटात एका पृष्ठाचा हा मजकूर इतका विस्तारला आहे की, नायक आपल्या प्रसिद्ध वेषात प्रेक्षकांपुढे येईपर्यंत जवळजवळ पाऊण तास जातो. विस्तार हा पटकथेचा धर्मच आहे, त्यात नवल नाही. अधिक महत्त्वाचा फरक जोडशब्दांचा आहे. १९३९ च्या दोन पृष्ठांत बालक ब्रूस आईबापांसह चित्रपट पाहून घरी परतत असतो, चोर त्यांना ठार मारतो, बालक शपथ घेते. आणि पुढे अनेक वर्षांनी, वेष कोणता घ्यावा या विचारात असताना, खिडकीतून एक वटवाघूळ आत येते. हत्या व वटवाघूळ या दोन घटनांत येथे केवळ ‘आणि’ आहे. वटवाघूळ हा शकुन आहे, कारण नव्हे. क्रिस्टोफर नोलन व डेव्हिड गॉयर यांनी लिहिलेल्या २००५ च्या ‘बॅटमन बिगिन्स’मध्ये बालक आधी विहिरीत पडते, तेथे वटवाघळांना भिते, नाट्यगृहात संगीतिकेतील पात्रांमुळे ती भीती पुन्हा जागी होते, म्हणून ते बाहेर जाण्याचा हट्ट धरते, म्हणून कुटुंब मागील गल्लीत येते, म्हणून हत्या घडते, म्हणून त्याच्या मनात अपराधाचे शल्य राहते. ‘आणि’चे ‘म्हणून’ झाले. मूळ कथेत दैव होते ते पटकथेत मानसशास्त्र झाले.

स्पायडरमॅनच्या बाबतीत बदल आणखी बोलका आहे. स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांच्या ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ अंकातील अकरा पृष्ठांच्या कथेत नायकास चुलत्याच्या हत्येची बातमी घरापाशी पोलीस सांगतो. हत्या चित्रित केलेली नाही. सामर्थ्याबरोबर मोठी जबाबदारीही येते, हे पुढे जगभर गाजलेले वचन अंकाच्या अखेरच्या चौकटीत निवेदकाच्या तोंडी आहे, कोणा पात्राच्या नव्हे. डेव्हिड केप यांच्या २००२ च्या पटकथेत चुलता ते वचन स्वतः पुतण्यास सांगतो आणि पुतण्या त्यास रस्त्यावर मरताना डोळ्यांनी पाहतो. जे ऐकीव होते ते दृष्ट झाले. निवेदन होते ते संवाद झाले. पटकथा आरंभकथेकडून कथानक घेते हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. ती कथानक घेते आणि त्याचे निवेदक काढून टाकते. चित्राच्या व्याकरणात ‘म्हणे’ नाही. पडद्यावर ग्रह फुटताना दिसला की तो फुटलाच. ‘फुटला म्हणे’ असे चित्र काढता येत नाही.

चतुर पटकथाकारांस ही उणीव जाणवली आहे. १९७८ च्या त्याच चित्रपटाच्या आरंभी पडदा उघडतो, १९३८ च्या मासिकाचा अंक दिसतो आणि एका बालकाचा वाचनाचा आवाज ऐकू येतो. पुढील सर्व भव्य दृश्ये त्या वाचनाच्या आश्रयाने येतात. २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्ये खलनायक जोकर आपल्या चेहऱ्यावरील व्रणांची हकीकत दोनदा सांगतो, दोन्ही वेळा निराळी, आणि दिग्दर्शक त्यांपैकी एकही पडद्यावर दाखवीत नाही. मूळ अज्ञात ठेवावयाचे तर ते शब्दांतच ठेवले पाहिजे, हे त्याने ओळखले आहे. मराठी वाचकास या तंत्राचा परिचय वेताळाच्या कथांतून पूर्वीच झाला होता. ली फॉक यांचा १९३६ चा हा नायक १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मालेच्या मराठी आवृत्तीतून घरोघर पोहोचला. तो अमर आहे ही गोष्ट जंगलातील जुन्या म्हणींच्या आधाराने सांगितली जाते, आणि बापाकडून मुलाकडे चालत आलेला तो एक वारसा आहे हे गुपित वाचकास ठाऊक असते. ‘म्हण’ आणि ‘म्हणे’ यांचा धातू एकच, हे सांगावयास नको.

मराठी चित्रपटाने हा प्रश्न आपल्या परीने फार पूर्वी हाताळला आहे. दादासाहेब फाळके यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना झाली, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असता मनात कृष्ण उभा राहिला, हे सर्वविश्रुत आहे. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालियामर्दन’ (१९१९) ही त्याची फलिते. परंतु खरा धडा ‘प्रभात’च्या दोन बोलपटांत आहे. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या दोन्हींची पटकथा शिवराम वाशीकर यांची. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये आरंभकथा विस्ताराने येते, कारण विठ्ठलपंतांचा संन्यास व गृहस्थाश्रमात परतणे यांवाचून मुलांवरील बहिष्कार कळत नाही. तेथे कारण कथेतच आहे, पटकथाकारास ते जोडावे लागत नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये मात्र जन्म नाही, बालपण नाही, दुष्काळही नाही. चित्रपट उघडतो तो विष्णुपंत पागनीसांच्या गाणाऱ्या मुद्रेवर, आणि लगोलग सालोमालोच्या नाटकी गायनाशी तिची तुलना होते. महिपतींनी तुकोबांस नामदेवांचा अवतार मानले होते. वाशीकरांनी त्या पूर्वजन्माचे चित्र काढले नाही. नायकाचे मूळ दाखविण्याऐवजी त्यास निरखणारे दोन डोळे, एक मत्सरी सालोमालोचे व एक वैतागलेल्या जिजाईचे, त्यांनी प्रेक्षकास दिले. १९३७ मध्ये व्हेनिस येथे गौरविल्या गेलेल्या या चित्रपटाच्या यशाची चर्चा अभिनय व साधेपणा यांच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. पटकथेतील या त्यागाची झाली नाही.

याच चित्रपटाने पडद्याच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावाही दिला. शांताराम आठवले यांनी त्यासाठी रचलेले एक गीत पुढे तुकोबांचाच अभंग म्हणून अनेकांनी, जाणत्यांनीसुद्धा, मानले. रचना उत्तम होती यात शंका नाही. पण तुकोबांच्या मुखातून ती पडद्यावर ऐकली गेली हे त्या समजाचे मुख्य कारण होय. गाथेत एका अभंगाची भर अशी पडली असेल, तर चरित्रात एका जन्मकथेची भर पडावयास कितीसा वेळ लागणार?

शेगावच्या बाबतीत ही शंका केवळ वाङ्मयीन नाही. दासगणूंच्या लेखनातच दोन वाटा दिसतात. साईबाबांच्या गुरूविषयी लिहिताना त्यांनी वेंकुशा हे नाव सेलूच्या गोपाळराव देशमुखांशी जोडले आणि एक पूर्वकथा सिद्ध केली. ती पुढील चरित्रकारांच्या वादाचा विषय झाली. शेगावच्या पोथीत, उतारवयात, त्यांनी तशी जोड दिली नाही. पूर्वकथा म्हणजे केवळ गाव व गुरू नव्हे. आपल्या समाजात पूर्वकथेबरोबर जात येते, पंथ येतो, भाषा येते, आणि त्यांमागोमाग हक्क येतो. पत्रावळीपाशी बसलेल्या पुरुषाची यांपैकी एकही नोंद नाही. त्याचे नावसुद्धा त्याने सांगितलेले नाही. ‘गण गण गणात बोते’ हा उद्गार त्याच्या तोंडी सतत असे, त्यावरून लोकांनी त्यास गजानन म्हटले. पोथीत या उद्गाराचा वेदान्तपर अर्थ लावून दाखविला आहे. परंतु नाव पडण्यास अर्थाची वाट पाहावी लागली नाही, नादसादृश्य पुरेसे झाले. नायकाचे नाव ऐकणाऱ्यांच्या कानात तयार होते, अशी आरंभकथा दुर्मीळ आहे. सुपरमॅनला नाव, ग्रह व पिता देऊन चित्रकथा श्रीमंत झाली. येथे तसे काही दिल्यास कथा गरीब होईल, आणि जो आज सर्वांचा आहे तो कोणाचा तरी होईल.

शिर्डीच्या कथेवरील १९७७ च्या ‘शिर्डी के साईबाबा’ या हिंदी चित्रपटाने एक मार्ग काढला. आजारी मुलास घेऊन शिर्डीस जाणाऱ्या आधुनिक कुटुंबाची चौकट त्यात आहे, आणि बाबांच्या कथा त्या चौकटीत येतात. निवेदक परत आणला गेला. ‘देवकीनंदन गोपाला’ या राजदत्त यांच्या त्याच वर्षीच्या चित्रपटास ही अडचण नव्हती. गाडगेबाबांचे गाव, आईबाप, बालपण सारे ज्ञात होते. दूरचित्रवाणीची अडचण याच्या उलट आहे. २०२१ मध्ये ‘संत गजानन शेगावीचे’ ही मालिका सन मराठी वाहिनीवर सुरू झाली. रोज एक भाग दाखवावयाचा म्हणजे साहित्य पुष्कळ हवे, आणि जेथे पोथी गप्प आहे तेथे बोलण्याचा मोह या माध्यमास सर्वांत अधिक.

तो मोह टाळावयाचा तर पटकथेस लागणारी सामग्री पोथीतच आहे, आणि ती पहिल्या प्रसंगापेक्षा दुसऱ्यात अधिक आहे. पत्रावळींच्या प्रसंगानंतर तो पुरुष निघून जातो. बंकटलाल अस्वस्थ होतो, गावभर शोधतो, घरी नीट बोलत नाही. तयार कारणकथा शोधणाऱ्या लेखकास हे मधले दिवस रिकामे वाटतील. वस्तुतः परिवर्तन घडते ते याच दिवसांत आणि या माणसात. मग महादेवाच्या मंदिरात गोविंदबुवा टाकळीकरांचे कीर्तन लागते. बुवा भागवतातील एका श्लोकाचा पूर्वार्ध म्हणून निरूपण करीत असतात. त्याचा उत्तरार्ध मंडपाबाहेरून कोणीतरी म्हणते. बुवा थांबतात, श्रोते माना वळवितात. त्या गर्दीत एकट्या बंकटलालास, वळण्यापूर्वीच, तो आवाज कोणाचा हे कळलेले असते.